प्रिन्सेस लुईझ, हाय होबर्न: पार्टिशन काढता-घालता येणारी १:१२ प्रतिकृती (प्रकल्प नोंदी)

२ जून

काम ठरलं. लंडनच्या हाय होबर्न रस्त्यावरचा २०८ क्रमांकाचा प्रिन्सेस लुईझ पब, त्याचा एक तुकडा, १:१२ प्रमाणात. इमारत १८७२ची. राणी व्हिक्टोरियाच्या चौथ्या मुलीचं नाव तिला दिलेलं आहे. पण आत शिरल्यावर डोळे दिपवतो तो साज १८९१चा, वास्तुविशारद आर्थर चिटी यांच्या हातचा. टाइल्स डब्ल्यू. बी. सिम्प्सन अँड सन्सच्या, आरसे आणि काचा केनिंग्टनच्या आर. मॉरिस अँड सनच्या. इमारत इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत ग्रेड दोन-तारांकित दर्जाची आहे.

मेख एकच आहे. मधल्या काळात या पबमधली पार्टिशनं काढून टाकली गेली आणि बारभोवती सलग मोकळी जागा झाली. २००७-०८मध्ये सॅम्युएल स्मिथ ब्रूअरीने ती पुन्हा बसवली. म्हणजे आज दिसणारे टाइल, आरसे, छत १८९१चे. कप्पे मात्र नव्याने घडवलेले. काम इतकं नेकीने झालंय की सहज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि म्हणूनच तो फरक प्रतिकृतीत दाखवायचा आहे. भिंत, काउंटर, छत पक्कं. पार्टिशनं खाचेत सरकवून बसवायची आणि उचलून काढायची. एकाच प्रतिकृतीत दोन्ही अवस्था.

५ जून

मापं. भिंतीची सगळी मांडणी टाइलच्या पटीत धरली. त्या काळची सर्रास भिंतीची टाइल ६ इंची. १:१२मध्ये ती अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. एक फूट बरोबर एक इंच, त्यामुळे इंचात हिशोब सोपा. कापताना मात्र मिलिमीटर.

प्रतिकृतीची लांबी ३० टाइल्स = ३८१ मिमी. टाइलकामाची उंची १५ थर = १९०.५ मिमी. खोलीच्या दिशेने: मार्गिका १०० मिमी, कप्पा १२५ मिमी, काउंटर ५० मिमी, मागे बाटल्यांच्या मांडणीचा अर्धा भाग ६० मिमी. एकूण ३३५. काउंटरची उंची ९२ मिमी. पार्टिशनची उंची १८७ मिमी. ही मापं प्रतिकृतीपुरती ठरवलेली आहेत, इमारतीचं मोजणीपत्रक म्हणून वापरू नयेत. तळाला १२ मिमी बर्च प्लाय, ४२० × ३६० मिमी.

बाजूने कापलेला छेद उघडा ठेवायचा, बघणारा तिथून आत डोकावेल.

९ जून

लाकूड. मूळ काम महागनीच्या रंगाचं. पण सागवान किंवा महागनी १:१२ला चालत नाही. रेषे तेवढेच मोठे राहतात आणि दोन इंची चौकट फळकुटासारखी दिसते. बारीक, एकसारख्या रेषांचं लाकूड हवं. हेदू घेतलं. पिवळट, घट्ट, कापताना कड फुटत नाही. रंग वरून देता येतो, रेषा बदलता येत नाहीत.

पट्ट्या: १.५ मिमी जाड; रुंदी ४, ६ आणि ८ मिमी. एकूण १४ मीटर लागतील असा हिशोब, १८ मीटर कापल्या. बारीक पट्टीत तिरका रेषा आला की ती वाकते. चारातली एक बाद होते.

१६ जून

पार्टिशनची रचना. मधे १ मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, दोन्ही बाजूंनी १.५ मिमीच्या चौकटी. एकूण ४ मिमी, म्हणजे मूळ मापात ४८ मिमी. खालच्या भागात लाकडी दिलहे (चौकटीत बसवलेल्या फळ्या), वर दुधी नक्षीची काच.

काच डोळ्यांच्या पातळीला दुधी असते ती शोभेसाठी नव्हे. व्हिक्टोरियन पबमध्ये एकाच काउंटरभोवती वेगवेगळ्या कप्प्यांत वेगवेगळ्या पायरीचे लोक बसत. शेजारच्या कप्प्यात कोण आहे हे दिसू नये, पण उजेड अडू नये, म्हणून खाली लाकूड आणि वर दुधी काच. इराणी हॉटेलातली जुनी फॅमिली केबिन आठवली तर तर्क लगेच ध्यानात येईल. फरक इतकाच की पबचा कप्पा काउंटरच्या बाजूला उघडा असतो. गिऱ्हाइकाला पेला थेट तिथूनच मिळतो.

काही पबमध्ये काउंटरवर फिरत्या लहान काचांची रांगही असे, स्नॉब स्क्रीन. गिऱ्हाईक काच फिरवून पेला मागवी आणि परत बंद करी. लंडनच्या लॅम्ब्स कंड्युइट स्ट्रीटवरच्या लॅम्बमध्ये आणि बर्मिंगहॅमच्या बार्टन्स आर्म्समध्ये त्या आजही आहेत. इथे बसवण्याचा मोह आवरला. एका पबची खासियत दुसऱ्याला चिकटवली की प्रतिकृती ‘व्हिक्टोरियन छापाची’ होते, त्या पबची राहत नाही.

२३ जून

भिंतीच्या टाइल्स, पहिला प्रयत्न. फसला.

उठावाच्या टाइलचा मूळ नमुना शाळेतल्या प्लास्टिसिनमध्ये घडवला आणि वरून साच्यासाठी प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं) सिलिकोन ओतलं. चोवीस तासांनी साचा उघडला तर टाइलला लागलेला थर चिकट, मधासारखा. कारण प्लास्टिसिनमधलं गंधक. अशा सिलिकोनला गंधकाचा अंशही चालत नाही, पृष्ठभाग घट्ट होतच नाही. २०० ग्रॅम सिलिकोन वाया.

उपाय दोन: गंधकविरहित माती, किंवा टिन-क्युअर (कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारं) सिलिकोन. नमुना आता पॉलिमर क्लेमध्ये घडवून, भाजून, वर चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिले. सिलिकोन टिन-क्युअरचं घेतलं. एका साच्यात ६ × ६ = ३६ टाइल्स.

२८ जून

मोजणी. ३० × १५ = ४५० टाइल्सची जागा. त्यात दोन आरसे, प्रत्येकी ६ टाइल रुंद आणि १२ थर उंच, म्हणजे १४४ वजा. उरल्या ३०६. साच्याचे ९ ओत झाले की ३२४ मिळतात, पण कडांचे बुडबुडे आणि तुटफूट धरून १० ओत.

७ जुलै

पाऊस लागला आणि रेझिन फसफसलं.

तिसऱ्या ओतातल्या ३६ पैकी २९ टाइल्स पावासारख्या सच्छिद्र निघाल्या. पॉलियुरेथेन रेझिनचा एक घटक पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो. हवेतलं दमटपण, साच्यावर बसलेली ओल, ढवळायच्या लाकडी काडीतली ओल, सगळ्याचा परिणाम होतो. तीन मिनिटांत रेझिन घट्ट होतं, वायूला बाहेर पडायला वेळच नसतो.

बदललेली पद्धत: साचा ओतण्याआधी ५० अंशांवर अर्धा तास; ढवळायला लाकडाऐवजी प्लास्टिकची काडी; बाटली उघडली की लगेच बंद आणि सिलिका जेलच्या डब्यात. आधी साच्यावर टाल्कम पावडर झटकून घ्यायची, त्याने कडांतली हवा निघते. चौथ्या ओतापासून ३६ला सरासरी ३३ चांगल्या.

१४ जुलै

टाइलचा रंग. उठावाच्या जुन्या टाइलवर पारदर्शक रंगीत ग्लेझ असतं. भट्टीत ते वितळून खळग्यांत साचतं आणि उंचवट्यांवरून ओसरतं. म्हणून एकाच रंगात गडद आणि फिकट दोन्ही छटा दिसतात. ब्रशने छटा रंगवल्या तर नकलीपणा लगेच कळतो. पांढऱ्या रेझिनवर पारदर्शक ग्लास-पेंट पातळ करून ओतला आणि टाइल सपाट ठेवून वाळू दिली. खळग्यात तो आपोआप साचला. भट्टी जे करते तेच गुरुत्वाकर्षणाने केलं.

टाइल तिरपी राहिली तर रंग एका कडेला जमतो. पाट पाणसळीने तपासून घ्यावा. ११ टाइल्स अशा बिघडल्या.

मराठी वाचकाला ‘व्हिक्टोरियन टाइल’ म्हटलं की बहुधा भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची मिंटन (या इंग्लिश कंपनीची) फरशी आठवते. योगायोगाने तेही १८७२चं, आणि त्याचंही नूतनीकरण होऊन ते २००८मध्ये पुन्हा उघडलं. पण ती टाइल वेगळी. नक्षीच्या फरशीत रंगीत माती टाइलच्या अंगातच भरलेली असते, वर ग्लेझ नसतं. पाय घासले तरी नक्षी पुसत नाही. इथल्या भिंतीची टाइल ग्लेझची आहे. ती पायाखाली टिकणार नाही, पण भिंतीवर चकाकते, उजेड परतवते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. पाइपचा धूर आणि सांडलेली बिअर रोज सोसणाऱ्या जागेला तेच हवं होतं.

२१ जुलै

टाइल्स चिकटवल्या. सांधे ०.२ मिमी. मूळ कामातही सांधे अगदी बारीक असतात. जाड पांढरा सांधा दिसला की न्हाणीघर वाटतं. ग्राउट म्हणून राखाडी छटेचा वॉल पुट्टीचा पातळ लेप, बोटाने भरून ओल्या कापडाने पुसला. रंग पूर्ण वाळलेला नसेल तर पुट्टी त्यात शिरते आणि डाग पडतो. किमान आठवडाभर थांबावं.

४ ऑगस्ट

आरसे. या कामाचा जीव इथे आहे, म्हणून सविस्तर.

पहिला विचार: बाजारातला पातळ आरसा घ्यावा आणि समोरून एचिंग क्रीम (काच दुधी करणारं रसायन) लावून नक्षी काढावी. करून पाहिलं. नक्षीच्या प्रत्येक रेषेला आत एक सावली दिसू लागली. कारण साधं: नक्षी काचेच्या पुढच्या अंगावर, चांदी मागच्या अंगावर, आणि मधलं अंतर काचेच्या जाडीइतकं. रेषा आणि तिचं प्रतिबिंब दोन्ही दिसतात. खऱ्या पबच्या आरशात ही सावली नसते, कारण तिथे कोरीव नक्षी, सोनं आणि चांदी सगळं काचेच्या पाठीवर असतं.

तेव्हा आपणही पाठीवरूनच करायचं. क्रम असा:

साधी काच १ मिमी, ७६ × १५२ मिमी, चार नग (दोन लागणार, दोन फुटण्यासाठी). मूळ मापात ६ मिमीची काच इथे ०.५ मिमी व्हायला हवी, पण तेवढी पातळ काच या आकारात हाताळता येत नाही. कडा टाइलच्या चौकटीत झाकल्या जातात, त्यामुळे जाडी कळत नाही.

काच अ‍ॅसिटोनने पुसणे. यानंतर बोट लागू द्यायचं नाही.

नक्षीचा विनाइल स्टेन्सिल आरशातल्यासारखा उलटा कापून पाठीवर चिकटवणे. कडा चमच्याच्या पाठीने दाबणे. इथे आळस झाला की क्रीम आत झिरपतं आणि पानाची कड कुरतडल्यासारखी दिसते.

एचिंग क्रीम ३ मिमी जाड थर, ८ मिनिटं, मग भरपूर वाहत्या पाण्याने धुणे. यात अमोनियम बायफ्लोराइड असतं. हातमोजे, चष्मा आणि खिडकी उघडी. मूळ कारागीर हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरत. ते घरच्या कार्यशाळेत आणायचंच नाही; ते त्वचेतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं.

सोन्याचा वर्ख. रिकामी जिलेटिन कॅप्सूल (००) अर्धा लिटर गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून तेच पाणी काचेवर ब्रशने ओघळवायचं आणि वर्ख सोडायचा. वर्ख स्वतः ओढला जातो. पाणी आटत आलं की मरगळलेलं सोनं अचानक लखलखतं. न लखलखलेल्या जागी काच तेलकट होती असं समजावं. मिठाईचा वर्ख नको, तो फाटतो. साइनबोर्डवाल्यांचा २३ कॅरटचा.

सोनं हवं तिथेच पाठीवरून वॉर्निश, वाळल्यावर बाकीचं ओल्या कापसाने पुसून काढणं.

शेवटी चांदी. काचेच्या पाठीसाठी मिळणारा आरसा-स्प्रे, पाच हलके हात, प्रत्येकी एका मिनिटाच्या अंतराने. एका जाड हातात राखाडी होतो. दुधी केलेल्या भागावर चांदी पडली की समोरून तो भाग शुभ्र-राखाडी दिसतो, मोकळा भाग आरसा, आणि मधे सोनं. हा तीन रंगांचा खेळ जुन्या पबच्या आरशांची ओळख आहे.

१० ऑगस्ट

आरसा क्रमांक १ बाद. स्टेन्सिल उलटा करायचा राहिला, फुलदाणी सुलट-उलट दोन्हीकडून सारखी असल्याने लक्षात आलं नाही; खालची वेल भलत्या दिशेला वळली. क्रमांक २ आणि ३ उत्तम. धारदार कोरीव रेषा, ज्यात उजेड इंद्रधनुष्यासारखा फुटतो, त्या क्रीमने येत नाहीत. मूळ कामात त्या दगडी चाकावर कापतात. इथे ०.८ मिमी हिऱ्याच्या बरने (ड्रिलला लावायच्या बारीक टोकाने) पाठीवर हलक्या खाचा, पाणी टाकत, चांदीच्या आधी.

१८ ऑगस्ट

आरसे भिंतीत बसवले आणि नवी अडचण उभी राहिली. आरसा समोरच्या पार्टिशनची मार्गिकेकडची बाजू दाखवतो, जी आपण न दिसणारी म्हणून कच्ची ठेवली होती. सगळी पार्टिशनं दोन्ही बाजूंनी पूर्ण केली. १२ दिलहे आणि ३८ बारीक गोल पट्ट्या जास्तीच्या.

मूळ पबमध्ये हे आरसे का आहेत तेही इथेच हाताला लागलं. मार्गिका अरुंद, दिवे मोजके. समोरासमोर दुधी काच आणि आरसा आल्यावर एका दिव्याचा उजेड तीन ठिकाणी दिसतो आणि चार फुटी वाट आठ फुटी वाटते.

२५ ऑगस्ट

पॉलिश. चपड्याचं स्पिरिट पॉलिश, रंगासाठी आधी महागनी स्टेन. दमट दिवशी हात मारला आणि पृष्ठभाग दुधाळला. स्पिरिट उडताना लाकडाचं अंग थंड होतं, हवेतलं पाणी थरात अडकतं. कोरडा दिवस बघून नुसत्या स्पिरिटचा पुसट बोळा फिरवला, दुधाळपणा गेला. तेव्हापासून हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर असेल तर पॉलिश बंद.

१ सप्टेंबर

छत. उठावाच्या नक्षीचं, गडद तांबूस. अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा साच्यात दाबून, रंगवून बसवला. सरळ काम, दोन दिवस.

८ सप्टेंबर

मार्गिकेची मोझेक फरशी. २० मिमीचा खडा १:१२ला सुमारे १.७ मिमी. सांध्यासकट १.९ धरला तर १०० × ३८१ मिमीला साडेदहा हजारांवर खडे. अख्खी फरशी हाताने करायची नाही असं ठरवलं. दोन्ही कडेच्या किनारी खऱ्या तुकड्यांच्या: प्रत्येकी ८ खडे रुंद × २०० लांब, दोन्ही मिळून ३,२००. मधला भाग छापील. नजर किनारीवर जाते, त्यामुळे फसवणूक वाटत नाही.

तुकडे अंड्याच्या रंगवलेल्या कवचाचे. उलटी पद्धत वापरली: नक्षी चिकटपट्टीवर पालथी मांडायची, मग सगळी पट्टी एकदम गोंदात दाबून वरची पट्टी सोलायची. व्हिक्टोरियन मोझेकवालेही मोठ्या फरशा कागदावर पालथ्या जुळवून आणत. पट्टी जास्त चिकट असली तर सोलताना खडे उपटतात. पट्टी आधी कपड्यावर दोनदा थापटून घ्यावी.

२२ सप्टेंबर

आता मूळ प्रश्न: पार्टिशन काढल्यावर काय दिसायला हवं?

गुळगुळीत, डागविरहित काउंटर दाखवला तर ते खोटं ठरेल. पार्टिशनं काढलेल्या कुठल्याही जुन्या पबमध्ये खुणा राहतात, आणि त्या वाचता येतात. काउंटरच्या पुढच्या दिलह्यांची लय जिथे मोडते तिथे पूर्वी पार्टिशन टेकलेलं असतं. काउंटरच्या वरच्या फळीत भरलेली भोकं, वेगळ्या लाकडाचे डट्टे. फरशीच्या नक्षीत अर्धवट तुटलेली किनार. रस्त्याकडची दारं मोजावीत: एका मोकळ्या खोलीला तीन-तीन दारं असतील तर ती खोली कधीकाळी तीन भागांत होती. दारांच्या काचांवर ‘पब्लिक’, ‘प्रायव्हेट’, ‘जग अँड बॉटल’ (बिअर घरी न्यायचा विभाग) अशी नावं कोरलेली उरतात, आत कप्पा उरलेला नसताना.

म्हणून काउंटरवर पार्टिशनच्या जागी ४.३ मिमीची खाच ठेवली आणि तिच्यात बसणारी हेदूची वेगळी पट्टी बनवली, किंचित फिकट रंगाची. पार्टिशन काढलं की ती पट्टी घालायची. डोळ्याला हलकंच खुपतं. तेवढंच हवं होतं.

२९ सप्टेंबर

खाच अडकली. ऑगस्टमध्ये ४ मिमीच्या पार्टिशनला ०.३ मिमी सूट पुरेशी होती, पण पॉलिशचे थर आणि दमट हवेत फुगलेलं लाकूड मिळून सूट संपली. ओढताना वरची कोरीव पट्टी निखळली. पार्टिशनच्या काउंटरमधल्या जिभेवरचं पॉलिश खरवडून काढलं, खाचेत मेणबत्तीचं मेण घासलं. तळाला १ मिमी पितळी खिळे दोन, भोकं १.२ मिमी. आता एका हाताने निघतं.

६ ऑक्टोबर

दिवे: २२०० केल्विनचे (पिवळट उजेडाचे) ३ व्होल्ट एलइडी, सहा. पहिल्या जोडणीत तारा छताच्या कडेने नेल्या होत्या. आरशात स्पष्ट दिसल्या. आता छताच्या वरून.

तळघरातल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात जे. टायलर अँड सन्सची संगमरवरी मुतारी शाबूत आहे आणि ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. या छेदात तळघर येत नाही. स्वतंत्र तुकडा म्हणून पुढे करता येईल. पांढऱ्या-राखाडी संगमरवराला रेझिनपेक्षा दगडपूड घातलेला प्लास्टर बरा पडेल.

१२ ऑक्टोबर

जोडणी पूर्ण. पार्टिशनं घातलेली आणि काढलेली, दोन्ही अवस्थांची एकाच कोनातून छायाचित्रं घेतली. पार्टिशन काढल्यावर आरशांत समोरचे दिवे सरळ दिसू लागतात आणि टाइल्सवर चकाकीचे पांढरे डाग पडतात. दुधी काच उजेड पसरवत होती, ती गेल्याने उजेड उघडा पडला. म्हणजे पार्टिशनं काढल्याने कप्पे तर गेलेच, शिवाय भिंतीचाही रंग बदलला. दुसऱ्या छायाचित्रासाठी एक्स्पोजर एका स्टॉपने खाली (निम्म्यावर) घ्यावा लागला.

खोक्यात ठेवताना पार्टिशनं वेगळी, उभी, फोमच्या खाचांत. प्रत्येकाच्या तळाला ‘२००७-०८’ अशी पेन्सिलीने नोंद.